पाठ बघणारं माणूस

अंबडच्या कोर्टामागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाला लागून एक खोली होती. बाकीच्या दुकानांना पायऱ्या होत्या, हिला उतार होता. राधाकिसनभाऊंनी तो उतार समोर खुर्ची लावून, मिस्तरीशी भांडून करून घेतला होता. "आरं, ह्यावरून बैलगाडी चढवायची न्हाई, माझी खुर्ची चढवायची हाय," म्हणत त्यांनी ओलं सिमेंट पुन्हा पुन्हा काढायला लावलं होतं. आसिफा रोज सकाळी जुन्या जालन्यातून एसटीनं यायची तेव्हा भाऊ आधीच येऊन बसलेले असायचे. खाली मांडीवर वर्तमानपत्र, आणि दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर.

बोलता बोलता ते हातांवर जोर देऊन स्वतःला खुर्चीतून वर उचलायचे, थोडा वेळ तसेच अधांतरी राहायचे आणि पुन्हा खाली बसायचे. नवीन माणूस दचकायचा. तहसीलदारासमोर बसलेले असोत की लग्नाच्या पंगतीत, भाऊंचं हे चालूच असायचं. कमरेखाली त्यांना काहीच कळत नव्हतं. खाली दगड टोचला तरी कळायचं नाही, चटका बसला तरी कळायचं नाही. बसल्या जागी कातडी दबली की आतून कुजायला लागते, आणि ज्याचं अंग त्यालाच पत्ता नसतो. म्हणून ते उचलणं.

तरुणपणी भाऊ मेंढरं-शेरडं राखायचे. एका उन्हाळ्यात रानात कुठंच हिरवं काही उरलं नाही, तेव्हा शेरडांसाठी पाला तोडायला ते पिंपळावर चढले. फांदी मोडली. खाली पडल्यावर त्यांनी पहिल्यांदा आपले पाय पाहिले आणि त्यांना ते दुसऱ्याच कुणाचे तरी वाटले, असं ते हसत सांगायचे. दवाखान्यातून घरी पाठवताना गोपिकाबाईंना कुणी काही नीट सांगितलं नाही. नवऱ्याला उताणं झोपवायचं, भाकरी भरवायची, एवढंच त्या माउलीला कळलं. वर्षभरात पाठीला एवढी मोठी जखम झाली की त्यात मूठ मावावी. त्यातून भाऊ वाचले ते एका शिबिरात भेटलेल्या फिजिओथेरपीच्या डॉक्टरमुळे. त्या बाईनं गोपिकाबाईंना हाताला धरून शिकवलं: दोन-दोन तासांनी कूस बदलायची, रोज सकाळी आरसा धरून सगळी पाठ बघायची, लाल ठिपका दिसला की त्या अंगावर भार द्यायचा नाही. तेव्हापासून गोपिकाबाईंची सकाळ चूल पेटवण्याआधी भाऊंची पाठ बघण्यानं सुरू व्हायची.

"मणका मोडलेल्या माणसाला औषध नंतर लागतं," भाऊ म्हणायचे. "आदी त्याला पाठ बघणारं माणूस लागतं."

मग त्यांना एकेक माणूस कळत गेला. कुणी विहिरीत पडलेला, कुणी माळवदावरून, कुणी झाडावरून, कुणी मोटारसायकलवरून. घरोघरच्या मागल्या खोल्यांत, पडद्याआड, वासात पडून राहिलेली माणसं. भाऊंनी मागं दोन जादा चाकं लावलेली स्कूटर घेतली आणि वाड्या-वस्त्या फिरायला सुरुवात केली. त्यातून संस्था उभी राहिली. संस्था म्हणजे ही खोली, दोन जुन्या व्हीलचेअर, आणि भाऊ.

आसिफाची आणि त्यांची गाठ अशीच पडली होती. तिचा नवरा इनायत एमआयडीसीत कामाला होता. पाळी सुटल्यावर टेम्पोत दाटीनं बसून येताना टेम्पो उलटला आणि त्याचा मणका गेला. भाऊ स्कूटर घेऊन जुन्या जालन्याच्या त्या बोळात आले तोवर उशीर झाला होता. इनायतची जखम हाडापर्यंत गेली होती. भाऊंनी खोटा धीर दिला नाही. बाहेर येऊन ते आसिफाला म्हणाले, "ताई, हे आता भरून येनार न्हाई. पर तेला साफ ठेवा, तेच्याशी बोलत राहा. तुमचा हात बिलकुल बराबर हाय."

इनायत पुढं वर्षभर जगला. नवऱ्यामागची इद्दत, चार महिने दहा दिवस घरात बसणं, संपल्यावर भाऊंचा फोन आला. "तुमी बारावी शिकलेल्या, टायपिंग येतं. आन् जे तुमाला येतं ते कुनाला येत न्हाई. येता का आमच्याकडं?" आसिफाच्या पदरात लेक लायबा होती, शाळेत जाणारी. घरात बसून रडण्यापेक्षा बरं, म्हणून ती आली आणि राहिली. गावोगावच्या बायकांना नवऱ्याची, पोराची पाठ कशी धुवायची, कशी बघायची, लघवीची नळी कशी बदलायची, ते ती शिकवायची. दुसऱ्याची जखम धुताना इनायतची जखम तिला थोडी सुसह्य व्हायची.

असं सगळं उसनवारी आणि ओळखीपाळखीवर चाललं होतं. त्या वर्षी दिवाळीनंतर पुण्याच्या एका मोठ्या फाउंडेशनची जाहिरात आली. ग्रामीण भागातल्या अपंग व्यक्तींसाठी काम करणाऱ्या संस्थांकडून प्रस्ताव मागवले होते, तीन वर्षांचा निधी. झेरॉक्सवाल्यानं ती छापून भाऊंच्या हातात दिली. भाऊंनी ती दोनदा वाचली आणि स्वतःला खुर्चीतून उचलून धरलं.

"आसिफाताई, हे आपल्यासाठीच काढलेलं दिसून राह्यलं."

"भाऊ, अशी कितीतरी निघतात."

"निघू द्या की. आपन कवा लिवलंय तरी?"

खरंच, कधी लिहिलं नव्हतं. मग सुरू झालं. दुपारच्या वेळी, कोर्टाची गर्दी ओसरली की दोघं कॉम्प्युटरसमोर बसायचे. भाऊ सांगायचे, आसिफा टाइप करायची. प्रकल्पाची गरज, उद्दिष्टं, कार्यक्षेत्र, अंदाजपत्रक. भाऊंना गरज सांगायला वेळ लागला नाही. कातडी दबू न देणाऱ्या हवेच्या गाद्या हव्यात, खुर्च्या हव्यात, आणि गावोगाव फिरून पाठी बघणाऱ्या बाया हव्यात, पगारी. पण अर्जात एक रकाना होता, ‘अपेक्षित परिणाम: किती लाभार्थी पुन्हा रोजगारक्षम होतील?’ तिथं गाडी अडली.

"रोजगारक्षम म्हंजे?" भाऊंनी विचारलं.

"कामाला लागतील असे."

"कामाला?" भाऊ हसले. "आवं, आदी जित्ते राहतील असं लिवा."

"तसा रकाना नाही भाऊ."

भाऊंनी स्वतःला खुर्चीतून उचललं, पुन्हा खाली बसले. मग म्हणाले, "मंग असं लिवा, काही कामाला लागतील. मी लागलो की." आणि दोघांनाही त्यातून पुढची वाट सापडली. प्रस्तावासोबत एक यशोगाथा जोडायची होती, फोटोसहित. भाऊंशिवाय दुसरी यशोगाथा संस्थेकडे नव्हतीच. दुसऱ्या दिवशी भाऊ पांढरा सदरा घालून, दाढी करून आले. झेरॉक्सवाल्यानं मोबाइलवर फोटो काढला. भाऊ त्यात एवढे ताठ बसलेत की आसिफाला हसू आवरेना.

"काहून हसून राह्यल्या?"

"नवरदेव दिसता."

"मंग गोपिकेला पाठवा एक."

गोपिकाबाई त्या दिवसांत घरी नव्हत्या. मुलगी अंजू पहिलटकरीण. बाळंतपण अवघड झालं, बाळ सातव्या महिन्यातच आलं, आणि अंजूला नि बाळाला संभाजीनगरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. बाळ काचेच्या पेटीत. गोपिकाबाई तिथंच पायरीशी पथारी टाकून होत्या. रोज सकाळी त्यांचा फोन यायचा. पहिला प्रश्न भाऊंच्या पाठीचा, आणि भाऊ मोठ्यानं सांगायचे, "करन बघतो की! तू पोरीला बघ." करण म्हणजे त्यांचा मुलगा, जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत कामाला. तो पहाटेच मोटारसायकलवर जायचा आणि दमून परत यायचा. त्यानं विचारलं की भाऊ त्याला सांगायचे, "मीच बघितली आरशात. जा तू, उशीर होईल."

हे दोन्ही प्रश्न आणि दोन्ही उत्तरं एका ठिकाणी ठेवून बघायला कुणी नव्हतं.

त्याच सुमारास जुन्या जालन्यातून मुझफ्फरचं नाव आलं. रंगकाम करताना परांचीवरून पडलेला, अजून विशी ओलांडली नव्हती. त्याची आई चाँदबी आसिफाच्या माहेरच्या ओळखीतली. आसिफाच भाऊंना घेऊन गेली होती. भाऊंनी पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. आठवडाभरानं आसिफा पुन्हा त्या घरी गेली, प्रस्तावासाठी माहिती घ्यायला. मुझफ्फर खुर्चीत बसला होता, आणि त्याच्याखाली काळी, कप्प्याकप्प्यांची हवेची गादी होती. एका कडेला पंक्चरचं रबर चिकटवलेलं. ती गादी आसिफानं इतकी वर्षं रोज बघितली होती.

अंबडला पोचताच तिनं भाऊंची खुर्ची बघितली. खाली गोधडीची घडी होती.

"भाऊ, गादी कुठंय?"

"पोराला दिली."

"आणि तुम्ही?"

"गोधडी हाय की. चांगली जाड हाय."

"गोधडीनं काय होतं! तुम्हीच सगळ्यांना सांगता ना?"

"ताई, ते पोरगं नवं हाय. तेची कातडी अजून शिकली न्हाई. माझं काय, मी पंचवीस वर्षांचा जुना गडी. आन् आपलं प्रपोजल पास झालं की गाद्याच गाद्या येतील. पहिली मी घेतो, मंग तर झालं?"

आसिफा चिडली. दुसरी गादी मिळेपर्यंत घरी पडून राहा म्हणाली. भाऊ "हो हो" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी स्कूटर काढून ग्रामपंचायतीचे ठराव गोळा करायला निघाले. प्रस्तावाला गावांची संमती जोडायची होती, आणि पंचायतीचं माणूस फोनवर हलत नाही, समोर जाऊन बसावं लागतं. उखडलेल्या रस्त्यांवरून, गोधडीच्या घडीवर बसून भाऊ गावंच्या गावं फिरले. खोलीत आले की कागदात असे बुडायचे की आसिफाला एकदा जाणवलं, आज त्यांनी स्वतःला उचललेलंच नाही.

"भाऊ, उचला."

"हां," म्हणून त्यांनी उचललं, आणि लगेच खाली बसले. "हे वाक्य जरा वाचा बरं पुन्हा."

एक दिवस ते तापलेले दिसले. डोळे लाल. आसिफानं विचारलं तर म्हणाले, लघवीचा ताप असेल, नेहमीचाच. असा ताप नळी लावलेल्या माणसाला येतोच, हे आसिफालाही माहीत होतं. तिनं गोळी दिली. "पाठ कोण बघतं?" तिनं विचारलं. "करन," भाऊ म्हणाले. आसिफा गावोगावच्या परक्या पुरुषांच्या पाठी बघायची, पण तिथं त्यांच्या बायका, आया शेजारी उभ्या असायच्या. इथं खोलीत ती आणि भाऊ. दार उघडं, बाहेर वकिलांची ये-जा. भाऊ तिला थोरल्या भावासारखे. सदरा वर करा असं म्हणायला तिची जीभ रेटली नाही. करणला फोन करावा असं तिच्या मनात आलं, आणि तेवढ्यात अर्जाच्या पोर्टलवर काहीतरी लाल अक्षरांत आलं, अपलोड अडकलं, आणि ती त्यात गुंतली.

दोन-तीन दिवसांनी सकाळी खोलीत पाऊल टाकताच तिला वास आला.

आधी तिला वाटलं, आपलंच मन. इनायत गेल्यापासून कधी कधी असं व्हायचं, भर बाजारात, कुठल्याही कारणाशिवाय तो गोडसर, कुजका वास नाकात भरायचा. ती दारातच थांबली. मग तिनं भाऊंकडं बघितलं. भाऊ कागदावर वाकले होते, कपाळावर घाम होता, आणि गोधडीच्या कडेला ओलसर पिवळा डाग होता.

"भाऊ," ती म्हणाली, "करणला बोलवा. आत्ता."

"काहून?"

"वास येतोय."

भाऊंनी तिच्याकडं बघितलं. त्यांना दुखणं कळत नव्हतं, आणि वासाची नाकाला सवय झाली होती. पण आसिफाच्या चेहऱ्यावरून त्यांना सगळं कळलं. ज्या चेहऱ्यानं ते स्वतः लोकांच्या घरी उभे राहायचे, तोच चेहरा त्यांच्यासमोर होता. त्यांनी हळूच पेनाचं टोपण लावलं.

"लई आत गेलं आसंल का?" त्यांनी विचारलं.

आसिफानं स्वतःच करणचा नंबर लावला.

करण आला, दार लावून त्यानं बघितलं आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. "आत्या, हाड दिसून राह्यलं," तो म्हणाला, आणि लहान पोरासारखा रडायला लागला. "मी रोज इचारत होतो. रोज."

जालन्याला नेलं, तिथून संभाजीनगरला. एका दवाखान्यात अंजू आणि बाळ, दुसऱ्यात भाऊ. गोपिकाबाई दोन्हींच्या मध्ये रिक्षानं येरझाऱ्या घालत होत्या. पहिल्या दिवशी त्या आल्या, भाऊंना कुशीवर केलं, आणि जखम बघितली. नुसता पदर तोंडाशी धरला. मग नर्सच्या हातातला कापूस घेऊन स्वतः साफ करू लागल्या. नर्सनं आधी नाही म्हटलं, आणि त्यांचा हात बघून बाजूला झाली.

"मला खोटं बोलले तुमी," साफ करता करता त्या म्हणाल्या.

"पोरगी मरनाच्या दारात व्हती," भाऊ म्हणाले. "तुला दोन जागी कसं ठिवू?"

विष रक्तात उतरलं होतं. डॉक्टर औषधं बदलत राहिले. प्रस्तावाची तारीख मधेच येऊन ठेपली. आसिफानं तो दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून, मोबाइलचं नेट लावून पाठवला. वॉर्डात येऊन तिनं सांगितलं, "गेलं भाऊ." भाऊ शुद्धीवर होते. त्यांनी दोन्ही हात पलंगाच्या कडांवर ठेवले, सवयीनं अंग उचलायला गेले. उचललं गेलं नाही.

"यशोगाथा जोडली का?" त्यांनी विचारलं.

"जोडली."

"बरं झालं," ते म्हणाले. ते हसले की त्यांचा श्वास लागला, ते तिला नीट कळलं नाही.

अंजूचं बाळ पेटीतून बाहेर आलं त्याच आठवड्यात भाऊ गेले. बाळ त्यांनी बघितलं ते फोनवरच.

भाऊंच्या वाडीवर माती झाली. माणसं लांबलांबून आली, त्यात खुर्च्यांवरचेही होते. टेम्पोत, ट्रॉलीत घालून घरच्यांनी त्यांना आणलं होतं. तिसऱ्या दिवशी चाँदबी आल्या. काखेत कापडात गुंडाळलेली ती काळी गादी होती. गोपिकाबाई भिंतीशी बसल्या होत्या. चाँदबींनी गादी त्यांच्यासमोर ठेवली. "मेरे बच्चे को मालूम नहीं था बाई," त्या म्हणाल्या. "उसको मालूम होता तो वो बैठता क्या इसपे?"

गोपिकाबाईंनी गादीवरून हात फिरवला. पंक्चरचं ते रबर त्यांनीच चिकटवलेलं होतं. मग त्यांनी कापड पुन्हा गुंडाळलं आणि गादी चाँदबींच्या मांडीवर ठेवली.

"घिऊन जा," त्या म्हणाल्या. "आन् तेची पाठ रोज बघा. तो म्हनला ठीक हाय, तरी बघा. बापई मानूस खोटं बोलतं."

आसिफा तिथंच शेजारी बसली होती. ‘तरी बघा’ हे आपल्यालाही लागू आहे असं तिला वाटलं. भाऊ खोटं बोलले हे खरं, पण ज्यांनी ऐकून घेतलं त्यांत तीही होती. हे तिनं गोपिकाबाईंना सांगायचं ठरवलं होतं, सांगायलाच त्या दिवशी आली होती. पण समोर बसल्यावर तिच्या लक्षात आलं, आपलं ओझं त्या बाईच्या डोक्यावर ठेवून आपण हलकं होणार. ती चहाचे कप विसळायला उठली.

महिन्या-दीड महिन्यानं पुण्याहून फोन आला. प्रस्ताव पहिल्या चाळणीतून पुढं गेला होता, भेटीला येतो म्हणाले. एक मॅडम आल्या, साध्या, पायात चप्पल, बोलायला मऊ. उतार चढून आत आल्या आणि म्हणाल्या, "हा उतार किती छान केलाय. राधाकिसनजी कुठे आहेत?" त्यांच्या हातात प्रस्तावाची प्रत होती आणि वर भाऊंचा तो ताठ बसलेला फोटो.

आसिफानं सांगितलं. काय झालं, कसं झालं, सगळं सांगितलं. मॅडमनी प्रत मिटून मांडीवर ठेवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"ही गोष्ट आता बदलावी लागेल," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाची देता येईल का?"

"हीच राहू द्या मॅडम," आसिफा म्हणाली. "शेवट मी लिहून देते. पंचवीस वर्षं जगले ते रोज पाठ बघणारी होती म्हणून. आणि थोडे दिवस कुणी बघितलं नाही, तर गेले. आम्हाला ज्या बायका नेमायच्यात त्या याच्यासाठीच नेमायच्यात. याहून चांगलं कसं सांगू?"

"मला पटतंय," मॅडम म्हणाल्या. "मी मांडते. पण खरं सांगू? बोर्डाला एकच प्रश्न पडेल, आता संस्था चालवणार कोण?"

"मी आहे."

"तुम्ही आहात," मॅडम म्हणाल्या, आणि प्रत पिशवीत ठेवली. जाताना त्यांनी आसिफाचे दोन्ही हात हातात घेतले.

आसिफानं नवा शेवट लिहिला. तिला वाटलं होतं, लिहिताना हुंदका येईल. आला नाही. रकान्याला शब्दांची मर्यादा होती, आणि भाऊंचं मरण त्या मर्यादेत बसवताना ती शब्द कापत राहिली. आधी स्कूटर गेली, मग गोधडी गेली, मग अंजूचं बाळ गेलं. शेवटी ‘योग्य साधनाअभावी व नियमित तपासणीअभावी’ एवढंच उरलं. ते वाचून मात्र तिनं कॉम्प्युटर बंद केला.

उन्हाळ्यात उत्तर आलं. कामाचं महत्त्व मान्य होतं, पण संस्थेचं नेतृत्व बदलत असताना तूर्त निधी देता येणार नाही, पुढच्या फेरीत जरूर अर्ज करावा. खाली मॅडमनी स्वतःच्या दोन ओळी लिहिल्या होत्या, मी प्रयत्न केला म्हणून.

खोली सोडावी लागली. व्हीलचेअर आणि कॉम्प्युटर करणनं टेम्पोत घालून वाडीवर नेले. आसिफानं जुन्या जालन्यात एका कापडाच्या दुकानात सकाळची हिशेबाची नोकरी धरली, दुपारनंतर मोकळी राहील अशी. उत्तर आल्याचं सांगायला ती वाडीवर गेली तेव्हा गोपिकाबाई शेरडांना पाणी पाजत होत्या. अंजूचं बाळ ओसरीवर झोळीत होतं.

"न्हाई म्हनले?" गोपिकाबाईंनी विचारलं.

"नाही म्हणाले, वहिनी."

गोपिकाबाईंनी बादली खाली ठेवली. "लई जीव लावला व्हता त्यांनी त्या कागदाला," एवढंच म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "मंग तुमी आता कुठं निघाल्या?"

"घनसावंगीच्या रस्त्याला. कचरूभाऊ म्हणून आहेत, विहिरीत पडलेले. भाऊ जायचे त्यांच्याकडं. तेव्हापासून कुणी गेलेलं नाही."

गोपिकाबाईंनी अंजूला हाक मारली, बाळाकडं लक्ष दे म्हणाल्या, आणि पायात चपला घातल्या. त्या कधीच अशा कुणाच्या घरी गेल्या नव्हत्या. भाऊ बोलवायचे तेव्हा म्हणायच्या, मला एकच पाठ बघायला येते.

कचरूचं घर रस्त्यापासून आत होतं. बायको, कौसल्या, दारात येऊन घाबरली. इतक्या महिन्यांनी कोण आलं म्हणून. मग ओळख पटली. "बघते की मी रोज," ती लगेच म्हणाली, न विचारताच.

"कशी बघती? दाव," गोपिकाबाई म्हणाल्या.

कौसल्यानं नवऱ्याला कुशीवर वळवलं आणि सदरा वर केला. पाठ काळी, रुंद, स्वच्छ होती. कमरेशी, माकडहाडाशी, कुठं लालसर ठिपकासुद्धा नव्हता. गोपिकाबाई खाली बसल्या. त्यांनी बोटांनी कमरेपासून खालपर्यंत चाचपत बघितलं, जसं त्या इतकी वर्षं बघत आल्या होत्या, आणि मग हात तिथंच ठेवला. कचरूला काही कळलं नाही. तो भिंतीकडं तोंड करून आसिफाशी बोलत होता, राधाकिसनभाऊ कसे आले होते, कसे हसवायचे, यंदा कापूस कसा गेला.

"झालं का बघून?" मधेच त्यानं विचारलं.

"झालं, झालं," गोपिकाबाई म्हणाल्या. कौसल्या चहा ठेवायला आत गेली. कचरू पुन्हा कापसावर आला, आसिफा हूं हूं करत राहिली, आणि गोपिकाबाईंनी हात काढला नाही.